वाया लाताचा पाणक्या

इटलीच्या ट्रिपवर लिही असं तिघाचौघांनी सांगितलं, पण खरं सांगायचं तर व्हेनिस आणि फ्लॉरेन्सबद्दल माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही, तिथे आम्ही चाललो, फोटो काढले, दमलो आणि पुढच्या ट्रेनमध्ये बसलो. मला लिहायचंय ते रोममधल्या एका गल्लीबद्दल. वाया लाता तिचं नाव. वाया देल कोर्सो हा रोमचा मोठा बाजाराचा रस्ता, त्याला आत फुटलेली ही गल्ली, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत, आणि त्या गल्लीत मी दोन तास बसलो. परत आल्यावरही ती डोक्यातून जात नाहीये म्हणून हे लिहितोय.

आम्ही गेलो मे २०२५ च्या शेवटी. नवे पोप निवडून आल्याला जेमतेम तीन आठवडे झालेले, त्यात ज्युबिलीचं, म्हणजे चर्चच्या पंचवीस वर्षांनी येणाऱ्या यात्रेचं वर्ष, त्यामुळे गर्दी म्हणजे आपल्याकडे आषाढीला पंढरपुरात असते तशी, फक्त डोक्यावर टोप्या आणि हातात क्रॉस. आमची खोली एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट आहे असं बुकिंग करताना लिहिलेलं, प्रत्यक्षात लिफ्टला कुलूप, आणि मालकाला फोन केला तर तो म्हणाला सामान जास्त आणायचंच कशाला. असं कुणी पाहुण्याशी बोलतं का? मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. पण कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या आजीबाईंनी दुसऱ्याच दिवशी आम्हाला ओळखलं आणि मांस नसलेलं काय काय आहे ते बोट दाखवून दाखवून सांगितलं, हेही तितकंच खरं.

बायकोचं माहेर फोंड्याचं. डिसेंबर २०२४ मध्ये ओल्ड गोव्याला सेंट झेवियरचं शवदर्शन होतं, दहा वर्षांनी एकदा असतं ते, तेव्हा आम्ही तिच्या आईला घेऊन रांगेत उभे राहिलो होतो. घरचे सगळे हिंदू, पण 'गोंयचो सायब' म्हटलं की सासूबाई हात जोडतात, त्यात त्यांना कधी काही वेगळं वाटलं नाही. तर सायबाचं शरीर गोव्यात बॉम जेझू चर्चमध्ये आहे आणि उजवा हात कोपरापासून खालचा रोममध्ये आहे, १६१४ मध्ये तो वेगळा करून तिकडे नेला. हिने निघायच्या आधीच सांगून ठेवलेलं, बाकी काय बघायचं ते तू ठरव, पण सायबाचा हात मला बघायचाय, आईला फोटो पाठवायचाय.

त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी आम्ही जेझू चर्चमध्ये. हे जेझुइट लोकांचं, म्हणजे सेंट इग्नेशियसने काढलेल्या आणि झेवियर ज्यात होता त्या पाद्र्यांच्या संघाचं, मूळ चर्च. रोज साडेपाचला तिथे एक प्रकार असतो, सेंट इग्नेशियसच्या वेदीवरचं मोठं चित्र संगीताच्या तालावर हळूहळू खाली सरकतं आणि मागून त्यांचा पुतळा दिसायला लागतो. लोक मोबाईल वर धरून उभे असतात. आम्ही मात्र समोरच्या बाजूला, झेवियरच्या वेदीपाशी. सोनेरी पेटीत काचेमागे तो हात. मी श्रद्धाळू माणूस नाही, पण हिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मीही गप्प झालो. ज्या हाताने गोव्यात आणि किनाऱ्यावर कुणाकुणाचा बाप्तिस्मा केला तो हात इथे इतक्या लांब, एकटा. हिने सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला, पण भारतात तेव्हा रात्रीचे साडेनऊ, त्या झोपल्या होत्या.

चर्चमधून बाहेर पडलो तर तहान तहान झालेली. मी म्हटलं चल, मला एक घर बघायचंय, वाटेत पाणीपण आहे. हे घर बघायचं मी चार वर्षांपूर्वीच ठरवलेलं. लॉकडाऊनमध्ये वाचता वाचता मला एका विषयाचा नाद लागला, तो म्हणजे राजांचे वकील म्हणून काम करणारे कार्डिनल, पोपच्या खालोखालचे चर्चचे अधिकारी. वकील म्हणजे कोर्टातला नाही, पेशव्यांच्या पत्रांत असतो तो, दुसऱ्याच्या दरबारात आपल्या धन्याच्या वतीने बसणारा.

आता ही भानगड काय होती ते थोडक्यात सांगतो, नाहीतर गल्ली कळणार नाही. सोळाव्या, सतराव्या, अठराव्या शतकात फ्रान्स, स्पेन यांच्यासारख्या कॅथलिक राजांचा रोममध्ये कायम राजदूत असायचा, कारण पोप हा नुसता धर्मगुरू नव्हता, मध्य इटलीचा राजाही होता. हा राजदूत कधी एखादा मार्क्विस किंवा ड्यूक असायचा, तर कधी चक्क कार्डिनल. राजाच्या बाजूने बघितलं तर कार्डिनल फार सोयीचा. पोप कार्डिनलांची बैठक घेतात तिथे तो हक्काने बसतो. पोप वारले की नवा पोप निवडणाऱ्या कॉन्क्लेव्हच्या बंद दाराआड तो जातो आणि साधा राजदूत बाहेर अंगणात येरझारा घालत राहतो. शिवाय चर्चच्या उत्पन्नातून त्याचा खर्च बराचसा भागतो, आणि रोममध्ये राहायचं म्हणजे खर्च काही थोडाथोडका नव्हता. पण मेख अशी की कार्डिनलचा लाल रंग हाच मुळी शपथेचा रंग आहे, चर्चसाठी वेळ आली तर रक्त सांडीन अशी ती शपथ. म्हणजे एका अंगावर दोन धन्यांचं मीठ. राजाने पाठवलेलं पत्र पोपसमोर वाचायचं आणि त्याच पोपच्या पायाशी वाहिलेली निष्ठाही सांभाळायची. मला वाचताना सारखं वाटायचं की ही माणसं रात्री झोपत कशी असतील.

सगळेच काही अवघडलेले नव्हते. पोलिन्याक नावाचा फ्रेंच कार्डिनल १७२४ ते १७३२ राजदूत होता, तो राहायचा पालाझ्झो आल्तेम्प्समध्ये, पालाझ्झो म्हणजे वाडा, पियात्झा नाव्होनाच्या अगदी मागे. आता ते म्युझियम आहे आणि रोममध्ये मला सगळ्यात आवडलेली जागा तीच, कारण गर्दी नाही, दालनांत नुसते शांत उभे असलेले संगमरवरी पुतळे आणि मधल्या चौकात सावली. १७२९ मध्ये फ्रान्सला युवराज झाला तेव्हा या माणसाने याच घरात नव्या संगीतनाट्याचा प्रयोग लावला, लेओनार्दो विंचीचं संगीत आणि मेतास्तासिओचे शब्द, आणि नाव्होना चौक सजवून टाकला, त्याचं पानिनीने काढलेलं मोठं चित्र लूव्रमध्ये आहे. तोच पोलिन्याक त्याआधी उट्रेख्टच्या तहाच्या वेळी फ्रान्सच्या बाजूने बोलणी करत होता, पण लाल टोपीसाठी, म्हणजे कार्डिनल होण्यासाठी, त्याचं नाव सुचवलेलं इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या हद्दपार स्टुअर्ट राजपुत्राने, आणि त्या तहात त्याच राजपुत्राचा हक्क नाकारलेला, म्हणून सही न करताच हा तिथून निघाला. मला हे फार आवडलं. ज्याने आपल्याला वर काढलं त्याच्याविरुद्धच्या कागदावर सही करायची नाही, एवढी साधी गोष्ट, पण ती करता येते का सगळ्यांना? यावर पुढे येतो.

तर आम्ही जेझूवरून गल्लीबोळातून निघालो, वाटेत एका कोपऱ्यावर संगमरवराचं प्रचंड मोठं पाऊल ठेवलंय, कुठल्यातरी जुन्या पुतळ्याचं, पोरं त्यावर हात टेकून फोटो काढत होती. पुढे कोलेज्यो रोमानोचा चौक. उजव्या अंगाला वळलं की वाया लाता. आणि गल्लीच्या कडेला, मोठ्या पालाझ्झोच्या बाजूच्या भिंतीत, हातात पिंप धरलेला एक दगडी माणूस. चेहरा पार झिजलेला, नाक नाही, पिंपातून पाण्याची धार सुरू. रोमचे लोक त्याला फाक्किनो म्हणतात, म्हणजे हमाल, पण आपल्याकडे त्याला पाणक्याच म्हटलं असतं. पूर्वी रात्री नदीवरून किंवा कारंज्यावरून पाणी भरून घरोघर विकणारे असायचे, त्यांतला हा. रोममध्ये काही 'बोलणारे' पुतळे आहेत, ज्यांच्या अंगावर लोक रातोरात सत्ताधाऱ्यांवर टीका करणाऱ्या चिठ्ठ्या चिकटवायचे, हाही त्यांच्यातलाच. आधी हा कोर्सोकडच्या दर्शनी बाजूला होता, १८७४ मध्ये गल्लीत आणला.

आम्ही दोन्ही बाटल्या भरल्या. गार पाणी, इतकं गार की दात शिवशिवले.

आणि मी हिला म्हटलं, बघ, हेच ते घर. पाणक्या ज्या भिंतीला आहे तो पालाझ्झो दे कारोलिस. इथे १७६९ पासून बावीस वर्षं फ्रान्सच्या राजाचा राजदूत म्हणून कार्डिनल बेर्निस राहिला. आता आत जाता येत नाही, बरीच वर्षं तिथे बँक होती, दारावरच्या माणसाने हातानेच नाही म्हटलं, पण मला आत जायचंच नव्हतं.

बेर्निस हा दक्षिण फ्रान्समधल्या खानदानी पण पैसे संपलेल्या घरातला धाकटा मुलगा, म्हणून चर्चमध्ये घातलेला. कविता करायचा, गोलमटोल, गोड बोलणारा. पंधराव्या लुईची लाडकी मादाम द पोंपादूर हिची मर्जी बसली आणि माणूस वर गेला, व्हेनिसला राजदूत, मग परराष्ट्रमंत्री, १७५६ चा ऑस्ट्रियाबरोबरचा तह त्याच्याच हातून झाला. १७५८ मध्ये लाल टोपी मिळाली आणि त्याच वर्षाअखेर राजाने दरबारातून हाकलून दिलं, कारण युद्ध हरतोय, तह करा असं तो सांगायला लागला होता. मग फ्रान्समधल्या आल्बीचा आर्चबिशप. आणि १७६९ मध्ये पोप वारले तसं राजाला पुन्हा त्याची आठवण झाली.

कारण तेव्हा एकच विषय होता, जेझुइट. पोर्तुगालने त्यांना १७५९ मध्ये हाकललं, गोव्यातूनसुद्धा, म्हणजे सायबाचं शरीर बॉम जेझूमध्ये राहिलं आणि त्याचे स्वतःचे लोक मात्र जहाजात घालून पाठवले गेले, हे ऐकून ही एकदम थांबली, तिला हे माहीत नव्हतं. फ्रान्सने १७६४ मध्ये, स्पेन आणि नेपल्सने १७६७ मध्ये तेच केलं. आता या राजांना हवं होतं की पोपनेच संपूर्ण संघ जगभरातून रद्द करून टाकावा. कॉन्क्लेव्ह तीन महिने चाललं. बाहेर फ्रान्सचा जुना राजदूत मार्क्विस द ओबतेर, आत बेर्निस, आणि दोघांत चिठ्ठ्या चालू. ओबतेरला उमेदवाराकडून लेखी वचन हवं होतं की निवडून आलो तर संघ रद्द करीन. बेर्निसने ते धुडकावलं, म्हणाला पोपपद असं सौद्याने घेता येत नाही, हे धर्माच्या कायद्यात बसत नाही. शेवटी गांगानेल्ली निवडून आले, चौदावे क्लेमेंट, आणि बेर्निसला राजाने रोममध्येच राजदूत करून ठेवलं. काम एकच. नव्या पोपच्या मागे लागून संघ बंद करवून घ्यायचा.

आता त्या गल्लीत उभं राहा आणि डोकं वळवा. कोर्सोकडे बेर्निसचं घर. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला चौकात ती प्रचंड भिंत दिसते ती कोलेज्यो रोमानो, जेझुइटांचं कॉलेज, इग्नेशियसने १५५१ मध्ये सुरू केलेलं. मध्ये फक्त ही गल्ली. रोज सकाळी घंटा वाजत असणार, पोरं आत जात असणार, फादर लोक दोन-दोन करून चालत असणार, आणि खिडकीतून हा बघत असणार. आणि ज्या गोष्टीने माझे पाय तिथेच थांबले ती अशी की बेर्निस स्वतः जेझुइटांचा विद्यार्थी. पॅरिसला लुई-ल-ग्रां या त्यांच्या शाळेत तो शिकला, लॅटिन शिकला, कविता करायला तिथेच शिकला. ज्यांनी हातात लेखणी दिली त्यांना संपवणारी पत्रं त्याच लेखणीने लिहायची.

पुस्तकात वाचताना हे मला माहीत होतंच. पण पुस्तकात गल्ली किती अरुंद आहे ते कळत नाही.

तो टाळत राहिला. चार वर्षं. पॅरिसला लिहायचा पोप वेळ मागतायत, घाई करून चालणार नाही, सबुरीने घ्या. पोपही घाबरलेले, तेही टाळतायत, दोघं मिळून दिवस काढतायत. शेवटी स्पेनने १७७२ मध्ये मोन्यिनो नावाचा कायदेपंडित पाठवला, तो कार्डिनल वगैरे कुणी नव्हता, त्याला एकच धनी होता, त्याने पोपला श्वास घेऊ दिला नाही. २१ जुलै १७७३ ला हुकुमावर तारीख पडली, १६ ऑगस्टच्या संध्याकाळी सैनिक घेऊन माणसं जेझूला पोचली आणि संघाचे प्रमुख, म्हणजे जनरल, लोरेन्झो रिच्चींना तो वाचून दाखवला. रिच्चींना पुढे कास्तेल सांतांजेलोमध्ये कैदेत ठेवलं आणि तिथेच १७७५ मध्ये ते गेले. मोन्यिनोला स्पेनच्या राजाने फ्लोरिदाब्लांकाचा काउंट केलं. फ्रान्सने बळकावलेलं पोपचं शहर आव्हिन्यों त्यांना परत दिलं. म्हणजे सगळा हिशेब बरोबर लागला.

मी हे सगळं हिला तिथेच पायरीवर बसून सांगत होतो आणि सांगता सांगता माझा आवाज बदलला, तो तिच्या लक्षात आला. ती म्हणाली, तू नागपूरचा विचार करतोयस.

हो. २०१६ मध्ये मी ज्या कंपनीत होतो तिने नागपूरचं ऑफिस बंद करायचं ठरवलं. निर्णय वरचा, मुंबईचा, माझा त्यात काहीही हात नाही, पण यादी घेऊन कोण जाणार तर मी, कारण मी तिथेच नोकरीला लागलो होतो, मला सगळे ओळखत होते, 'तू सांगितलंस तर ते समजून घेतील'. यादीत पहिलं नाव माझ्या पहिल्या साहेबांचं. मी बावीस वर्षांचा होतो तेव्हा या माणसाने मला ऑफिसचं पत्र कसं लिहायचं ते शिकवलं, पहिल्या महिन्यात माझं पत्र अकरा वेळा परत केलं आणि बाराव्या वेळी सही केली. ते बंदचं पत्रही मीच लिहिलेलं होतं, त्यांनी शिकवलं होतं तसं, स्वच्छ, एकही चूक नाही. मी पण टाळलं, दोन महिने कारणं सांगितली, ऑडिट आहे, दिवाळी आहे. मग मुंबईहून दुसरा एकजण माझ्याबरोबर पाठवला आणि आम्ही गेलो. साहेबांनी चहा मागवला. पत्र वाचलं. चष्मा काढला आणि म्हणाले, बरं झालं तू आलास, परका कुणी आला असता तर जास्त लागलं असतं. एवढंच. त्यानंतर मी त्यांना कधीही फोन केला नाही. नऊ वर्षं. दर दिवाळीला नंबर काढायचो आणि ठेवून द्यायचो.

ही म्हणाली, मग नाही म्हणायचं होतं ना. मला वाटलं मला म्हणतेय, पण ती म्हणाली, त्याला म्हणतेय मी, बेर्निसला. कार्डिनल होता, उपाशी मरणार नव्हता. राजाला सांगायचं होतं दुसरा माणूस पाठव.

मी म्हटलं दुसरा पाठवलाच ना, मोन्यिनो, आणि तो आल्यावर काय झालं बघ. म्हणजे हा बसला होता तोपर्यंत चार वर्षं तरी ते कॉलेज चाललं. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, चार वर्षं चाललं असेल, पण त्या फादर लोकांना कुठे माहीत होतं की हा त्यांच्यासाठी टाळतोय. त्यांना फक्त खिडकीत तो दिसत असणार.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाहीये. लोक येत होते, पाणी भरत होते, एका जपानी बाईंनी पाणक्याच्या पिंपावर हात ठेवून नमस्कारासारखं काहीतरी केलं. अंधार पडेपर्यंत आम्ही बसलो.

दुसरा अख्खा दिवस व्हॅटिकनमध्ये गेला, चार तास रांग, सिस्टिन चॅपेलमध्ये ढकलत ढकलत वीस मिनिटं, त्याबद्दल लिहायला उत्साह नाही. माझं स्पष्ट मत आहे की इतक्या लोकांना एका खोलीत सोडू नये, कुणालाच काही दिसत नाही. संध्याकाळी सांता मारिया मॅज्जोरेला पोप फ्रान्सिसच्या समाधीवर गेलो, पांढऱ्या दगडावर फक्त नाव, लॅटिनमध्ये, बाकी काही नाही. हे पोप जेझुइट होते, पहिलेच. जो संघ १७७३ मध्ये संपवला तो १८१४ मध्ये परत उभा राहिला आणि त्यातलाच एकजण २०१३ मध्ये त्या खुर्चीवर बसला. रांग हळू सरकत होती, कुणी ढकलत नव्हतं, पुढे एक म्हातारे गृहस्थ काठी बाजूला ठेवून गुडघ्यावर बसले तर सगळे त्यांच्यासाठी थांबले. रोममध्ये मला सगळ्यात चांगली वागलेली गर्दी ती.

तिसऱ्या दिवशी सान लुईजी देई फ्रांचेझी, फ्रेंचांचं चर्च. दुपारी बंद असतं हे आम्ही नीट बघितलं नव्हतं, त्यामुळे पायऱ्यांवर दीड तास. तुम्ही जाल तर सकाळी जा. आत सगळे काराव्हाज्जोच्या चित्रांपाशी, नाणं टाकलं की दिवा लागतो आणि सगळ्यांचे फोन वर होतात, मी चित्रं बघितली, खरंच थोर आहेत, पण मी शोधत होतो ते दगड. आर्नो दोस्सा इथे पुरलेला आहे, गरीब घरातला, फारसा कुणाच्या ओळखीचा नसलेला माणूस, ज्याने फ्रान्सच्या राजाला, चौथ्या हेन्रीला, १५९५ मध्ये पोपकडून माफी मिळवून दिली आणि मग स्वतः कार्डिनल झाला, त्याची पत्रं पुढे कितीतरी वर्षं राजदूत होऊ बघणाऱ्यांना वाचायला द्यायचे. हेच चर्च १६८७ च्या नाताळानंतर पोपनी बंद करायला लावलं होतं, का तर चौदाव्या लुईचा बहिष्कृत राजदूत लाव्हार्दिन इथे नाताळच्या प्रार्थनेला बसला म्हणून.

आणि बेर्निसचं स्मारक. तिथे गर्दी नव्हती, कुणीच नव्हतं. मृतदेह पुढे फ्रान्सला नीमला नेला, इथे स्मारक राहिलं.

त्याच्या शेवटाबद्दल लिहिल्याशिवाय त्याच्यावर अन्याय होईल. १७७३ नंतर तो आणखी अठरा वर्षं रोममध्ये राजदूत राहिला, घर सगळ्यांना उघडं, म्हणायचा की मी युरोपच्या चौकात फ्रान्सची खानावळ चालवतो. पंगती उठायच्या आणि तो स्वतः मात्र दोन लहान ताटल्यांत भाजी खाऊन उठायचा, फ्रेंच राज्यक्रांतीतून पळून रोमला आलेल्या एका चित्रकार बाईंनी हे आठवणीने लिहून ठेवलंय. मग क्रांतीच्या सरकारने सगळ्या पाद्र्यांकडून नव्या राज्यघटनेची शपथ मागितली. राजदूत म्हणून त्याने ती सरळ घ्यायला हवी होती. तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा. त्याने तशी शपथ घ्यायला नकार दिला. राजदूतपद गेलं, आल्बीचं उत्पन्न गेलं, खानावळ बंद. सोळाव्या लुईच्या दोन आत्या, आदेलाइद आणि व्हिक्तोआर, १७९१ मध्ये पळून रोमला आल्या, त्यांना त्याने तरीही घरी ठेवून घेतलं. नोव्हेंबर १७९४ मध्ये गेला तेव्हा स्पेनने दिलेल्या पेन्शनवर जगत होता.

मी हिला म्हटलं, बघ, शेवटी म्हणाला ना नाही. ती म्हणाली, हो, स्वतःवर आलं तेव्हा म्हणाला.

हे बरोबर आहे की कठोर, मला ठरवता येत नाही. माझ्या मते स्वतःवर आल्यावर नाही म्हणणंसुद्धा सोपं नसतं, विशेषतः त्या वयात, आणि ते तिच्यासमोर मी म्हटलंही. पण तिच्या बोलण्यातली टोचणी गेली नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मी एकटाच पुन्हा वाया लाताला गेलो. आधी कोर्सो ओलांडून सांती अपोस्तोली चर्चमध्ये, तिथे चौदाव्या क्लेमेंटची समाधी आहे, तरुण कानोवाने केलेली, पोप वर बसलेत आणि उजवा हात पुढे केलाय, खाली दोन बायका मान घालून. हुकूम काढल्यावर चौदा महिन्यांत ते गेले. हुकूम काढणारा इथे, तो काढायला लावणाऱ्याचं घर रस्त्यापलीकडे, ज्यांच्यावर काढला त्यांचं कॉलेज त्यामागे. सगळं मिळून चालायला दहा मिनिटं. मग पाणक्यापाशी आलो. कोलेज्यो रोमानोमध्ये आता सरकारी शाळा भरते, १८७० पासून. पोरांची मधली सुट्टी असावी किंवा सुटली असावी, एकदम लोंढा आला, पाठीवर दप्तरं, आरडाओरडा, स्कूटर सुरू झाल्या, तिघीजणी पाणक्याच्या धारेखाली हात धरून एकमेकींवर पाणी उडवत होत्या, एकीने माझी बाटली मागून घेतली आणि भरून दिली. मी ग्रात्सिए म्हटलं.

पुण्याला आल्यावर चौथ्या दिवशी मी नागपूरला फोन लावला. नंबर तोच. साहेबांनीच उचलला. मी नाव सांगितलं, ते दोन सेकंद गप्प बसले आणि म्हणाले, कुठे असतोस तू, किती वर्षं झाली. मला माफी मागायची होती, वाक्य तयार होतं, पण तोंडातून आलं की साहेब, मी रोमला जाऊन आलो. ते म्हणाले, वा, आणि मग विचारलं, उन्हाचं फिरलास ना, पाणी वगैरे मिळतं का रे तिकडे रस्त्यात?

मी त्यांना पाणक्याबद्दल सांगितलं. चाळीस मिनिटं बोललो आम्ही. ते म्हणाले हे सगळं एकदा नीट लिहून काढ आणि मला पाठव, चुका मी बघतो.